लूपची दोन्ही टोके पॅनेलला जोडल्यावरही आयसोलेटर हवेत का?

प्रश्न: अ‍ॅड्रेसेबल (प्रत्येक डिटेक्टरला स्वतंत्र ओळख क्रमांक असलेल्या) फायर अलार्मच्या एकाच लूपवर, म्हणजे केबलच्या एकाच फेऱ्यावर, चार मजल्यांचे डिटेक्टर घ्यायचे असून लूप पॅनेलकडे (मुख्य नियंत्रण पेटीकडे) परत येतो, तरीही आयसोलेटर (शॉर्ट सर्किट झालेला भाग लूपपासून वेगळा करणारी उपकरणे) आवश्यक आहेत का?

उत्तर १: होय. तार तुटल्यास दोन्ही टोकांकडून पुरवठा सुरू राहतो, परंतु शॉर्ट सर्किट झाल्यास आयसोलेटरअभावी संपूर्ण लूप बंद पडतो. युरोपीय मानक ईएन ५४-२ नुसार एका दोषामुळे ३२ पेक्षा अधिक डिटेक्टर व कॉल पॉइंट (हाताने दाबायची अलार्म बटणे) निकामी होता कामा नयेत. मी मात्र ही मर्यादा गाठण्यापेक्षा प्रत्येक मजल्याच्या सीमेवर आयसोलेटर देईन.

उत्तर २: सहमत. शिवाय परतीची केबल वेगळ्या मार्गाने न्यावी, अन्यथा (हे आराखड्यात हमखास सुटते) एकाच आगीत दोन्ही बाजू जळतील.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. सध्या दोन्ही केबल एकाच शाफ्टमध्ये दाखवल्या आहेत, मार्ग बदलतो.