मदत हवी आहे: नगरपंचायतीच्या सभेत काय ठरतं ते गावाला दर महिन्याला कसं कळवायचं?

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय पण पूर्ण वाचा, आणि तुमच्या गावात कोणी असं काही केलं असेल तर नक्की सांगा.

आमचं गाव तालुक्याचं ठिकाण. आधी ग्रामपंचायत होती. २०१४ साली सरकारने तालुक्याच्या गावांना नगरपंचायत द्यायचं ठरवलं त्यात आमचाही नंबर लागला. १७ प्रभाग झाले, १७ नगरसेवक आले, मुख्याधिकारी आले, दारावर नवीन बोर्ड लागला. लोकांना आनंदच झाला होता, आता गावाला निधी येणार म्हणून, आणि निधी आला पण, ते नाकारत नाही. पण एक गोष्ट गेली ती कोणाच्या लक्षातच आली नाही, ती म्हणजे ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखांना शाळेच्या पटांगणात सगळे बसायचे, भांडणं व्हायची, आवाज चढायचे, पण कोणीही उठून विचारू शकायचं की बाबा त्या विहिरीच्या कामाचं काय झालं, आणि ग्रामसेवकाला सगळ्यांसमोर वही उघडून सांगावं लागायचं. नगरपंचायत झाल्यावर कायदाच बदलला, आता १९६५ चा नगरपरिषदा, नगरपंचायतींचा अधिनियम लागू, त्यात ग्रामसभा नाही. ठराव होतात ते सभागृहात, आणि गावाला कळतं ते जेसीबी दारात आल्यावर.

याचा सगळ्यात मोठा फटका घरपट्टीत बसला. चार वर्षांनी होते ती फेरआकारणी झाली, यादी प्रसिद्ध झाली, हरकतींची मुदत होती, सगळं नियमाने झालं असेल. पण नोटीस लागली ती ऑफिसच्या त्या काचेच्या बोर्डात. तुम्ही तो बोर्ड बघाच एकदा, कुलूप लावलेलं, आत एकावर एक सहा-सात कागद टाचलेले, वरचा कागद जुन्या लिलावाचा, उन्हाने शाई पिवळी पडलेली, आणि आपल्याला हवा तो कागद त्याच्या खाली, फक्त जावक क्रमांक दिसतोय. लोकांना कळलं ते थेट बिल हातात पडल्यावर, तोवर मुदत संपलेली. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या आजींचं दोन खोल्यांचं मातीचं घर आरसीसी म्हणून लागलंय, त्या बिल घेऊन दारोदार विचारतायत की हे कोणाला भेटून कमी होतं.

म्हणून आम्ही वाचनालयातले चारपाच जण असं ठरवतोय की दर महिन्याला एक साधं पानभर पत्रक काढायचं, सभेत कुठले विषय होते, काय मंजूर झालं, किती रकमेचं, कुठली मुदत कधी संपतेय, पाणी कुठल्या भागाला कधी सुटणार, बस इतकंच. कोणाची बाजू नाही, टीका नाही, निवडणूक नाही. पण अडतंय इथे:

सभेचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची लेखी नोंद, मिळत नाही. मागितलं की अजून कायम झालं नाही (म्हणजे सभेने त्याला मंजुरी दिली नाही) म्हणतात, पुढच्या सभेत कायम होईल मग या. तोवर कामाला सुरुवात पण होते. दुसरं, एका नगरसेवकांनी जुनं एक इतिवृत्त दाखवलं त्यात अर्धे विषय "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय", म्हणजे आधी न कळवता सभेतच मांडलेले, आणि प्रत्येकाखाली "चर्चेअंती सर्वानुमते मंजूर", यातून काय बातमी लिहायची? तिसरं, पत्रक काढायला परवानगी लागते का, नाहीतर उद्या कोणी तक्रार केली तर वाचनालय अडचणीत यायचं. आणि चौथं म्हणजे सभेत आपण साधे नागरिक जाऊन बसू शकतो का? शिपाई दारातच अडवतो.

माहीत असलेल्यांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद:

दादा, मी नगरपरिषदेत आस्थापना आणि सभा लिपिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालोय, त्यामुळे आतल्या बाजूने सांगतो. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी घ्यावीच लागते, त्याच १९६५ च्या अधिनियमातलं कलम ८१ वाचा. त्याची नोटीस सदस्यांना पूर्ण सात दिवस आधी जाते, विशेष सभा असेल तर तीन दिवस. या नोटिशीसोबत विषयपत्रिका, म्हणजे सभेपुढे येणाऱ्या विषयांची यादी, असते, आणि खरी बातमी त्या विषयपत्रिकेत असते, इतिवृत्तात नाही! इतिवृत्त म्हणजे झालेलं, विषयपत्रिका म्हणजे होणारं. सात दिवस हातात आहेत तर पत्रक सभेच्या आधी काढा, नंतर नाही. लोक आपापल्या नगरसेवकाला फोन करून विचारतील की आमच्या गल्लीचा विषय ६ नंबरला आहे त्यावर तुम्ही काय बोलणार. नगरसेवकाला गावाने असा फोन केला ना की तो सभेत विषय वाचून येतो, हे मी डोळ्याने बघितलंय.

ऐनवेळच्या विषयांबद्दल तुमचं बरोबर आहे, दुखणं तिथेच आहे. किरकोळ, तातडीचं काही आलं तर ठीक, पण लाखांची कामं त्यात घुसवतात कारण विषयपत्रिकेवर आलं तर आधी बोंब होते. पत्रकात दर सभेचा एवढा एकच आकडा छापा, विषयपत्रिकेवरचे किती आणि ऐनवेळचे किती. कसलीही टिप्पणी नको. आणि एखादा ठराव खरंच बेकायदेशीर किंवा लोकांच्या हिताविरुद्ध वाटला तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात, पण त्यासाठी अर्जासोबत ठरावाची प्रत लागते, म्हणून प्रत वेळेत मिळवणं महत्त्वाचं.

सभेत बसण्याचं म्हणाल तर सभा लोकांसाठी खुली असते, पीठासीन अधिकाऱ्यांनी एखाद्या विषयापुरती बंद ठेवली तर गोष्ट वेगळी. बोलता येणार नाही, शांत बसून ऐकायचं. शिपायाशी वाद घालू नका, त्याला वरून सांगितलेलं असतं. मुख्याधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या की अमुक तारखेच्या सभेला दोन नागरिक प्रेक्षक म्हणून बसणार आहेत, आणि आवक शिक्का मारलेली पोच खिशात ठेवा.

प्रतिसाद:

इतिवृत्त मिळत नाही तर माहितीचा अधिकार वापरा की. जोडपत्र अ मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महाराष्ट्राच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे "सर्व सभांची सर्व माहिती द्या" असलं मोघम काही लिहू नका, लगेच फेटाळतात. नेमकं लिहा, अमुक तारखेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका, उपस्थिती आणि संमत ठरावांच्या प्रती. "कायम झालं नाही" हे माहिती नाकारायचं कारण कायद्यात नाही, कलम ८ आणि ९ मध्ये जी कारणं आहेत तेवढीच. नाहीच दिलं तर प्रथम अपील ३० दिवसांत, मग राज्य माहिती आयोगाकडे ९० दिवसांत, पण आयोगात नंबर लागायला फार वेळ जातो, त्या भरवशावर मासिक पत्रक निघणार नाही हे आधीच सांगतो.

त्यापेक्षा सोमवारचा रस्ता धरा. शासनाचं २०१८ चं परिपत्रक आहे, स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघायला खुले ठेवायचे. बऱ्याच ठिकाणी कर्मचाऱ्यांनाच माहीत नसतं. परिपत्रकाची प्रिंट घेऊन जा, प्रोसिडिंग बुक म्हणजे इतिवृत्ताची वही मागा, बसून वाचा, टिपून घ्या. आमच्याकडे पहिल्यांदा खुर्चीसुद्धा देईनात, नंतर सवय झाली त्यांना पण, आता चहा विचारतात.

आणि कामांच्या रकमा महाटेंडर्स या सरकारी निविदांच्या वेबसाइटवर मिळतात, ई-निविदा निघालेली कामं तिथे कोणालाही दिसतात. वित्त आयोगाचे पैसे पण तपासा, १५ व्या आयोगात लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि घनकचरा यासाठीच बांधलेला होता. तो रस्त्याला वापरल्यासारखं दिसलं तर तेवढा एक प्रश्न लेखी विचारा.

प्रतिसाद:

मी तालुका पातळीवर बातमीदारी करते त्यामुळे तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहिते. नियमित अंतराने छापून वाटलं आणि त्यात सार्वजनिक बातम्या असल्या की ते नियतकालिक धरलं जातं, आणि १ मार्च २०२४ पासून १८६७ चा जुना कायदा जाऊन नवीन प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा लागू झालाय. नोंदणी ऑनलाइन आहे, पण मालक, प्रकाशक, मुद्रक हे सगळं आलंच. पाच जणांच्या गटाला ती झंझट सुरुवातीलाच कशाला? वाचनालयाच्या बाहेर फळा आहे ना तुमच्याकडे? फळ्यावर खडूने लिहा. रोज वाचनालयात येणारे, बाजारला आलेले, शाळेतली पोरं सगळे वाचतात, आणि फोटो काढून व्हॉट्सॲपवर तर आपोआप जातो. वर्षभर चाललं आणि गावाला हवंसं वाटलं तर मग नोंदणी करून रीतसर छापा.

दोन गोष्टी जपा मात्र. थकबाकीदारांची नावं लिहू नका, कितीही मोह झाला तरी, उद्या एक नाव चुकलं तर सगळ्या कामावरचा विश्वास गेला. आणि प्रत्येक ओळीखाली कागदाचा आधार लिहा, ठराव क्रमांक, तारीख. "असं समजतं", "सूत्रांनी सांगितलं" हे शब्द फळ्यावर नकोतच. आणि पाण्याची वेळ, कॅम्पच्या तारखा, दाखल्यांची मुदत हे सगळ्यात वर लिहा, माणूस त्यासाठी थांबतो आणि मग खालचा ठराव पण वाचतो.

आजींच्या घरपट्टीसाठी थांबू नका. मुदतीत हरकत नोंदवली नसेल तर पुढच्या अपिलात बाजू लंगडी पडते हे खरं, पण मातीचं घर आरसीसी लावणं ही सरळ नोंदीतली चूक आहे, घराचे फोटो, जुनी ग्रामपंचायतीची आकारणीची प्रत, म्हणजे नमुना ८ चा उतारा, जोडून दुरुस्तीचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने आजच द्या आणि जागेवर पाहणीची मागणी करा.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच. विषयपत्रिका आधी मिळवायची ही गोष्ट आमच्या डोक्यातच आली नव्हती, आम्ही इतिवृत्ताच्याच मागे होतो. आजींकडे नमुना ८ चा जुना उतारा निघाला, त्यात "दगड माती, पत्रा" असं स्पष्ट लिहिलंय, अर्ज तयार करतोय. फळ्याचं पण ठरलं, वाचनालयाच्या कार्यकारिणीने होकार दिलाय, फक्त अध्यक्ष म्हणाले की पहिल्या आठवड्यात नगराध्यक्षांना आणि मुख्याधिकाऱ्यांना बोलावून दाखवा, मागून केल्यासारखं वाटायला नको. मला ते पटलं.

आता एकच विचारायचंय, सभा लिपिक काकांना खास. विषयपत्रिका सात दिवस आधी सदस्यांना जाते म्हणालात, तर तीच एक प्रत वाचनालयाला पण कायमस्वरूपी पाठवा असं पत्र आम्ही देऊ शकतो का, की त्यासाठी सभेत ठराव करून घ्यावा लागेल? ठराव लागत असेल तर एक नगरसेविका ताई विषय मांडायला तयार आहेत, मसुदा कसा लिहायचा तेवढं सांगा, पुढची सभा जवळ आलीय.

प्रतिसाद:

पत्राने पण जमतं, पण मुख्याधिकारी बदलले की पत्र फाइलमध्ये राहतं. ठरावच करून घ्या. मसुदा असा द्या: "नगरपंचायतीच्या प्रत्येक सर्वसाधारण व विशेष सभेची विषयपत्रिका सदस्यांना निर्गमित होताच त्याच दिवशी सार्वजनिक वाचनालयास एक प्रत देण्यास व नोटीस बोर्डावर सर्वात वर लावण्यास मान्यता देणे." सूचक ताई, अनुमोदक म्हणून विरोधी बाजूचा एक नगरसेवक घ्या म्हणजे राजकारण होणार नाही. आणि हा विषय ऐनवेळी मांडू नका, आत्ताच लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा.