स्केट्सची धार: ऑटोमॅटिक मशीन की दुकानातला माणूस?

सायली_मिसिसागा

मुलगा दहा वर्षांचा, यंदा आइस हॉकीच्या यू-११ (अकरा वर्षांखालच्या) हाऊस लीगमध्ये, म्हणजे गावातल्या हौशी स्पर्धेत, आहे. आमच्या दोघांच्याही घरात आजवर कुणी बर्फावर पाय ठेवलेला नाही, त्यामुळे शिन पॅड कुठला, स्टिक किती उंचीची, सगळं विचारत विचारतच चाललंय. आता अडलंय ते धारेपाशी.

आतापर्यंत स्केट्स अरेनातल्या प्रो शॉपमध्ये, म्हणजे हॉकीच्या सामानाच्या दुकानात, द्यायचो. दहा-बारा डॉलर, पंधरा मिनिटांत हातात. काउंटरला कधी एक वयस्क गृहस्थ असतात, कधी कॉलेजची पोरं. गेल्या खेपेला धार लावून आणली आणि लेक डावीकडे वळला की धपाधप पडायला लागला. उजवीकडे एकदम ठीक. कोच म्हणाला, एजेस (पात्याच्या धारा) बघून घ्या. दुकानात परत नेलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "सेटिंग नेहमीचंच आहे, अर्धा इंच." अर्धा इंच कशाचा हे मला काही कळलं नाही, पण मागे रांग होती, मी मान डोलावून बाहेर पडले.

नवऱ्याचं म्हणणं, घरीच स्पार्क्स कंपनीचं धार लावायचं ऑटोमॅटिक मशीन घेऊन टाकू. हजार डॉलरच्या वर जातंय, पण धाकटीही पुढच्या वर्षी सुरू करणार, म्हणजे वसूल होईल. टीममधल्या एका मुलाचे आजोबा मात्र ठाम आहेत: मशीनला काय कळतंय, धार हातानेच लावायची. त्यांनी स्वतः तरुणपणी खेळलंय, त्यामुळे उडवून लावता येत नाही. तुम्ही लोक काय करता?

---

गराजवाला_मिनेसोटा

आमच्याकडे स्पार्क्स आहे. दोन मुलं, शिवाय शेजारची पोरं येतात ती वेगळीच. स्केट आत अडकवायचा, झाकण लावायचं, किती फेऱ्या ते सांगायचं आणि बटण दाबायचं. नेहमीची धार असेल तर मी चार फेऱ्या मारतो. आतल्या घासणाऱ्या रिंगमध्ये चिप असते, किती फेऱ्या उरल्या ते मशीनच दाखवतं. संपली की नवी रिंग, आणि ती काही स्वस्त नाही, तो खर्च हिशोबात धरा.

खरा फायदा पैशाचा नाहीच. सकाळी सहाची प्रॅक्टिस असते, आदल्या रात्री दहाला मुलगा सांगतो की स्केट्स घसरतायत. तेव्हा कुठलं दुकान उघडं असणार? माझं मत: डोळे मिटून घ्या.

---

भोसरी_ते_ब्रॅम्प्टन

डोळे उघडे ठेवून घ्या, एवढीच दुरुस्ती. सायलीताई, मशीन की माणूस हे नंतर बघू, आधी ते डावीकडचं पडणं बघू.

एक क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, घ्या. स्केट उलटा धरा, पातं वर. नाणं पात्याच्या दोन्ही धारांवर आडवं टेकवा आणि टाचेकडून एक डोळा मिटून बघा. नाणं पात्याशी काटकोनात बसायला हवं. कललं असेल, तर ज्या बाजूला कललंय ती धार खाली आहे. आता दुसरा बूट. माझा अंदाज, दोन्ही बुटांत नाणं उजवीकडेच कललेलं दिसेल.

कारण सांगतो. डावीकडे वळताना मूल डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर आणि उजव्या पायाच्या आतल्या धारेवर असतं. म्हणजे दोन्ही पात्यांची डावीकडचीच बाजू, आणि बूट उलटा धरला की टाचेकडून ती उजवीकडे दिसते. दुकानातल्या मशीनवर स्केट एका जिगमध्ये (पकडून ठेवणाऱ्या साच्यात) आडवा पकडतात, आणि डावा असो की उजवा, दोन्हींचं तोंड एकाच दिशेला असतं. जिगची उंची चुकली की दोन्ही पात्यांची तीच बाजू जास्त घासली जाते. पोरगा 'सेटिंग नेहमीचंच' म्हणाला ते खोटं नसेलही. घासणाऱ्या चाकाची गोलाई नेहमीचीच असणार. पातं त्या चाकाच्या मध्यावर होतं का, हे त्याने पाहिलेलं दिसत नाही.

अर्धा इंच कशाचा तेही सांगतो, कुणी नीट सांगतच नाही. पात्याची खालची बाजू सपाट नसते, लांबीभर उथळ पन्हळ असते. तिच्या दोन काठांना आपण आतली आणि बाहेरची धार म्हणतो. पन्हळ ज्या वर्तुळाचा तुकडा, त्याची त्रिज्या अर्धा इंच. पातं जेमतेम २.९ मि.मी. जाड, त्यामुळे अर्ध्या इंचाला मधला खड्डा भरतो फक्त ०.०८ मि.मी. ५/८ घेतलात तर ०.०६६, ३/८ घेतलात तर ०.११. त्रिज्या लहान तेवढा खड्डा खोल, पातं बर्फ जास्त धरतं पण घसरण कमी होते. हलक्या पोराला अर्धा इंच ठीकच आहे, तो आकडा बदलायच्या भानगडीत आत्ता पडू नका.

आता गंमत बघा. १/२ आणि ५/८ यांत फरक १७ मायक्रॉनचा. एवढ्यावरून मोठे खेळाडू कुरकुरतात, आणि त्यांना तो खरोखर कळतो. आणि पातं चाकाच्या मध्यापासून मि.मी.चा एक दशांश जरी बाजूला बसलं, तर दोन धारांच्या उंचीत २३ मायक्रॉनचा फरक पडतो. म्हणजे हॉलो (ही पन्हळ) कितीचा यावर आपण वाद घालत बसतो, आणि जिगचा स्क्रू अर्धा आटा फिरला की त्याहून मोठी गडबड होऊन जाते.

मी मूळचा टूलरूमचा माणूस. भोसरीला सरफेस ग्राइंडर आणि टूल अँड कटर चालवायचो, इथे दिवसा सीएनसीवर असतो आणि काही संध्याकाळी एका अरेनाच्या प्रो शॉपमध्ये ग्राइंडिंग करतो. तेव्हा पोट हातावर असूनही सांगतो: अनोळखी हातापेक्षा मशीन बरं. पातं घासताना दाब एकसारखा लागतो. टोकाला आणि टाचेला हात रेंगाळला की तिथलं स्टील जास्त जातं, आणि दर खेपेला थोडं थोडं जाऊन पात्याचा लांबीचा बाक बदलतो. हे एका धारेत दिसत नाही. सीझन संपता संपता मूल पुढे झुकल्यासारखं किंवा मागे बसल्यासारखं स्केट करायला लागतं, आणि कोच बिचारा गुडघे वाकव, गुडघे वाकव म्हणून ओरडत बसतो. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचा दाब सोमवारी असतो तोच शनिवारी असतो.

शिवाय चाकाचा प्रश्न. हाताच्या मशीनचं चाक हिऱ्याने ड्रेस करावं (घासून आकाराला आणावं) लागतं, त्याच त्रिज्येला. चाक झिजतं, आकार सुटतो. ज्या दुकानात एकाच चाकावर १/२, ५/८ आणि ३/४ सगळं चालतं, तिथे घाईच्या वेळी कोण पुन्हा पुन्हा ड्रेस करत बसणार? तुम्ही मागता अर्धा, मिळतं जे चाकावर असेल ते. ऑटोमॅटिकच्या रिंगचा आकार कारखान्यातूनच येतो, ती कटकट नाही.

आजोबांचं म्हणणं मात्र मी टाकून देणार नाही. एनएचएलच्या (इथल्या व्यावसायिक हॉकी लीगच्या) संघांत इक्विपमेंट मॅनेजर स्वतः ग्राइंडरवर उभे राहतात, कुणाला किती हॉलो, कुणाला पुढे जरा कमी, हे त्यांना पाठ असतं. पण तिथे खेळाडूला रोज तोच हात मिळतो. आपलं म्हणजे सलूनसारखं आहे, आज खुर्चीमागे कोण उभा आहे त्यावर केसांचं भवितव्य.

आणि हाताचे पैसे खरं तर घासण्याचे नाहीतच, आधी बघण्याचे आहेत. माझ्याकडे स्केट आला की मी तो लगेच जिगमध्ये घालत नाही. पात्यावरून डोळा फिरवतो, वाकलंय का. पातं बुटाला धरणारा होल्डर हलवून बघतो, रिव्हेट ढिला आहे का. धारेवर नख हलकं आडवं ओढतो: चांगल्या धारेवर नखाची पांढरी पूड निघते, बोथट जागी नख नुसतं सरकतं. कुणी रबर मॅट सोडून काँक्रीटवर चाललं असेल तर तिथे खाच लागते. मग ठरवतो, चार फेऱ्या पुरे की जुनी पन्हळ आधी पूर्ण काढायची. हे सगळं मशीन बघत नाही. वाकडं पातं दिलंत तर ते वाकडंच, पण अगदी इमाने-इतबारे घासून देतं.

गराजवाले साहेब, तुमच्या मशीनलाही हेच लागू. त्यातही दोन्ही बूट एकाच दिशेला तोंड करून बसतात. रिंग पात्याच्या मध्यावर आहे का, हे लावून घेतलंत ना? ते चुकलं तर दर वेळी, दर बुटाला, अचूक तेवढंच चुकणार. माणूस निदान कधी चुकतो, कधी नाही.

तर ताई, दोन मुलं खेळणार असतील तर मशीन घ्या. सोबत एज चेकर घ्या, चुंबकाने चिकटणारी छोटी पट्टी असते, नाण्यापेक्षा नीट दिसतं. नवा स्केट बहुतेक कारखान्यातून धारेशिवायच येतो, ती पहिली धार आणि खाचा पडलेलं पातं माणसाकडे न्या. सीझनमध्ये एकदा बाकही बघून घ्या. आणि घरी धार लावली तरी शेवटी बारीक दगड दोन्ही कडांवरून एकदा अलगद फिरवायचा, बर्र (धारेवर उरलेली धातूची बारीक कूस) निघते. हे निम्मे लोक करत नाहीत, मग पहिल्या शिफ्टला (बर्फावरच्या पहिल्या पाळीला) पोरगं अडखळलं की रिंगला दोष.

---

कॅल्गरीची_मृणाल

हॉकीचं ठीक आहे, पण इथे कुणी फिगर स्केटिंगवाले वाचत असतील तर घाई करू नका. आमच्या मुलीच्या पात्याला पुढे दात असतात, त्यातला सगळ्यात खालचा दात थोडासा जरी घासला गेला तर उड्या आणि स्पिन दोन्ही बिघडतात. शेफिल्डची पाती आहेत, किंमत बुटाच्या तोडीस तोड. एका दुकानात नुसतं 'स्केट' म्हणून घेतलं आणि हॉकीचं पातं असल्यासारखं टोकापर्यंत घासून दिलं. त्यानंतर आम्ही एकाच बाईंकडे जातो, शहराच्या दुसऱ्या टोकाला, आधी वेळ घेऊन.

---

भोसरी_ते_ब्रॅम्प्टन

मृणालताई, शंभर टक्के. फिगरचं पातं मी पण घेत नाही, सरळ सांगतो की हे माझं काम नाही. त्याचा बाक वेगळा, दाताजवळ कुठे थांबायचं ते वेगळं.

---

सायली_मिसिसागा

नाणं ठेवून बघितलं. दोन्ही बुटांत उजवीकडेच कललंय! नवऱ्याने फोटो काढून टीमच्या ग्रुपवर टाकला, तर त्याच आठवड्यात त्याच दुकानातून धार लावलेली आणखी एक मुलगी निघाली, तिलाही तोच त्रास.

दोन शंका. एक, हे आता दुरुस्त होईल की नवं पातं घ्यावं लागेल? दोन, दादा, तुमचं दुकान कुठलं? ब्रॅम्प्टन आम्हाला लांब नाही.

---

भोसरी_ते_ब्रॅम्प्टन

होईल दुरुस्त. आधी आडवं घासून पातं सपाट करून घ्यायचं, मग नवी पन्हळ. थोडं स्टील जाईल, पण दहा वर्षांच्या पोराचा पाय पातं संपायच्या आधी वाढतो. परत त्याच दुकानात नेणार असाल तर भांडू नका. नाणं खिशात ठेवा आणि काउंटरवरच ठेवून दाखवा, वयस्क गृहस्थ असतील तेव्हा. त्यांना सांगावं लागणार नाही, ते आधी जिग तपासतील.

दुकानाचं नाव इथे नको, मालकाला मी इथे काय काय लिहितो ते कळायला नको. मेसेज करतो. फक्त शनिवारी सकाळी येऊ नका. तेव्हा टूर्नामेंटची पोतंभर स्केट्स आलेली असतात, आणि त्या घाईत मी बघतो कमी, घासतो जास्त.