अ‍ॅम्प्लिफायरचे सगळे व्हॉल्व्ह बदलण्याआधी घरघरीचा स्वर ओळखावा
गिटारची केबल काढल्यावरही अ‍ॅम्प्लिफायर घरघरत असेल तर सगळे व्हॉल्व्ह (आवाजाचा संकेत वाढवणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) बदलावेत, हा सल्ला मला घाईचा वाटतो. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने घरघर त्याच खर्जात असेल तर हीटरच्या (व्हॉल्व्ह आतून तापवणाऱ्या भागाच्या) तारा आणि अर्थिंग तपासावे. ती बरोबर एक सप्तक वर, म्हणजे १०० हर्ट्झची असेल, तर रेक्टिफायरनंतरचे (एसीची डीसी करणाऱ्या भागानंतरचे) फिल्टर कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ती सुरळीत करणारे भाग, थकल्याची शक्यता अधिक (पुश-पुल रचनेत, म्हणजे शेवटचे दोन पॉवर व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात तिथे, त्यांची जोडी जुळत नसली तरी हाच स्वर उमटतो). व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही आवाज कायम राहिला, तर दोष व्हॉल्यूमच्या बटणापुढच्या टप्प्यांत शोधावा. मात्र प्लग काढल्यावरही या कपॅसिटरांत ४०० व्होल्ट किंवा त्याहूनही अधिक असा जीवघेणा विद्युतदाब टिकू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने खात्री केल्याशिवाय कृपया आत हात घालू नये.