मोठ्यांच्या वॉर्डातून मुलांच्या हॉस्पिटलला जाऊ का? भीती वाटतेय

नाशिकची_सिस्टर
नमस्कार सगळ्यांना, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलंय, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन आहे, अडीच वर्षं मेल मेडिकलला (पुरुषांच्या वॉर्डात) काढली. आता पुण्याला एका मुलांच्या हॉस्पिटलमधून कॉल आलाय, पगार जरा बरा आहे आणि आत्याचं घर पण जवळच. पण खरं सांगू का, मला लहान मुलांची भीती वाटते. म्हणजे मुलांची नाही, त्यांना सुई लावायची. स्टुडंट असताना पिडियाट्रिक (लहान मुलांच्या वॉर्डच्या) पोस्टिंगला एका नऊ महिन्यांच्या बाळाला तीनदा टोचलं तरी व्हेन (शीर) मिळाली नाही, त्याच्या आईने माझा हात धरला आणि म्हणाली बास आता, मग मी लिनन रूममध्ये जाऊन रडले होते. ते डोक्यातून जातच नाही. तिकडे गेलेल्या कोणी सांगा ना, जमतं का नंतर?

चौदा_वर्षं_पिडियाट्रिक
अगं सुईचं काय घेऊन बसलीस, ती दोन-तीन महिन्यांत येते. भ्यायचंच असेल तर गणिताला भी. मोठ्यांच्या वॉर्डात एक ग्रॅमची व्हायल (इंजेक्शनची बाटली) म्हणजे एक ग्रॅम, सगळ्यांना तेच. इथे शेजारशेजारच्या दोन बेडवर एक 3 किलोचं आणि एक 30 किलोचं, औषध तेच आणि डोस दहापट वेगळा. अमिकॅसिन (अँटिबायोटिक) बघितलंयस ना, 100, 250 आणि 500 मिलीग्रॅम तिन्ही 2 मिलीच्या व्हायलमध्ये मिळतात. 2 किलोच्या बाळाला 30 मिलीग्रॅम लिहिलंय, 100 च्या व्हायलमधून 0.6 मिली होतं, आणि घाईत ट्रेमधली 500 ची उचलून तेवढंच 0.6 ओढलंस तर 150 मिलीग्रॅम गेलं, पाचपट. सिरिंजमध्ये दिसायला अगदी सारखं, म्हणून कोणाला कळत पण नाही. आमच्याकडे माझ्यासमोर हे होता होता राहिलंय, दुसऱ्या सिस्टरने व्हायल हातात घेऊन मोठ्याने वाचली म्हणून. तेव्हापासून मी एकटीने कधीच भरत नाही, ज्युनियर असली तरी तिला बोलावते, वाच म्हणते. वजन रोज सकाळी स्वतः कर, मागच्या शिफ्टचं कॉपी करू नकोस.

आणि सलाईनला मायक्रोड्रिप सेट (बारीक थेंबांची नळी) असेल तर सोपं आहे, 60 थेंब म्हणजे 1 मिली, त्यामुळे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. हे एकदा डोक्यात बसलं की रात्री तीन वाजता पण चुकत नाही.

पिवळा_कॅन्युला
ताईंचं बरोबर आहे पण तिने सुईचं विचारलंय तर सांगते. बेडवर कधीच टोचू नकोस, प्रोसिजर रूममध्ये ने, नाहीतर पोराला स्वतःच्या बेडचीच भीती बसते आणि नुसतं टेम्परेचर घ्यायला गेलीस तरी किंचाळतं. बाळंतिणीकडे तान्ह्याला बाळुत्यात गुंडाळतात तसं घट्ट गुंडाळायचं, एकच हात बाहेर. कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) जास्त करून 24 नंबरचा पिवळा, अगदी छोट्या बाळाला 26 चा जांभळा. लाईट मंद करून तळहाताखाली छोटा टॉर्च धर, वरून व्हेनची काळी रेघ दिसते (टॉर्च गरम होत नाही ना ते आधी स्वतःच्या हातावर बघ). आणि दोनदा चुकलं की थांब, दुसरीला हाक मार, यात लाज कसली. तुझ्या त्या बाळाच्या वेळी तिसऱ्यांदा टोचायला तुला एकटीला ठेवलं ती चूक तुझ्या सीनियरची होती.

आरवची_आई
मी नर्स नाही, पण लिहावंसं वाटलं. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना न्यूमोनियाने अॅडमिट होता. एक सिस्टर यायच्या, आल्या की आधी शर्ट वर करून एक मिनिटभर नुसतं त्याच्या पोटाकडे बघत बसायच्या घड्याळ धरून. मला वाटायचं या काहीच का करत नाहीत. मग त्यांनी सांगितलं श्वास मोजतेय, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा मिनिटाला 40 किंवा जास्त झाला तर फास्ट धरायचा, पूर्ण मिनिट मोजावं लागतं कारण मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दुसऱ्या दिवसापासून मी पण मोजायला लागले आणि निम्मी भीती गेली माझी. ज्या सिस्टर काय करतोय ते आधी सांगतात त्यांचा हात कोणी धरत नाही बघा.

नाईट_ऑफ_नाही
सगळं गोड गोड चाललंय म्हणून कडू मी लिहितो. मेल नर्स आहे, एनआयसीयूला (नवजात बाळांच्या आयसीयूत) होतो. काम सुंदर आहे, शंका नाही, 1100 ग्रॅमचं बाळ बोंडल्याने दूध प्यायला लागतं तेव्हा आपण पण दोन घास जास्त जेवतो. पण नाईटला सहा बाळं आणि मी एकटा, त्यात दोन व्हेंटिलेटरवर. कुठे ते सांगत नाही. त्यामुळे इंटरव्ह्यूला पगाराच्या आधी विचार, रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट. आणि ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करा म्हणाले तर झेरॉक्स दे आणि उठ. बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असेल तर नीट वाच.

आणि एक, रडणारं पोर परवडलं, एकदम गप्प झालेलं नको. मुलांचं बीपी बराच वेळ टिकून राहतं आणि मग धाडकन पडतं, त्याआधी पल्स वाढलेला असतो, हातपाय गार असतात. बीपी नॉर्मल आहे म्हणून चहाला जाऊ नकोस.

नाशिकची_सिस्टर
बापरे, एवढं सगळं कॉलेजात तीन वर्षांत नाही कोणी सांगितलं. सीनियरची चूक वाचून रडूच आलं, आजपर्यंत मी माझीच धरून बसले होते. रात्रीचे पेशंट विचारले फोन करून, जनरल वॉर्डला आठ म्हणाले, सर्टिफिकेट ठेवत नाहीत. जातेय. एक शेवटचं, तिथे ड्युटीवर मोबाईल चालत नाही म्हणे, कॅल्क्युलेटर कुठला घेऊ?

चौदा_वर्षं_पिडियाट्रिक
साधा, मोठ्या बटणांचा. मागे मार्करने नाव लिही, नाहीतर रेसिडेंट डॉक्टर घेऊन जातात आणि परत देत नाहीत.