पेरोनीज: सुईला नावं ठेवण्याआधी

मिरजकर:
परवा इथे एकाने पेरोनीजबद्दल (लिंगात गाठ होऊन ते वाकतं, तो आजार) लिहिलं, "पेरोनीजला इंजेक्शन, करंट हे सगळे पैसे उकळायचे धंदे. बाक आला की सरळ ऑपरेशन करा." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी ५२ वर्षांचा, मधुमेही. दोन वर्षांपूर्वी गाठ हाताला लागली, मग बाक आला. ताठरता आली की कळ यायची. पहिल्या डॉक्टरांनी लगेच ऑपरेशनची तारीख दिली, दुखणं चालू असताना! दुसरे म्हणाले, "बाक अजून वाढतोय, तो थांबल्याशिवाय चाकू लावायचा नाही." त्यांनी गाठीतच वेरापामिल नावाचं औषध टोचलं, पंधरवड्याला एक, अशी १२ इंजेक्शनं. कळ गेली. बाक ४० अंशांवरून ३० वर आला. संबंधांत अडचण नाही. मग मी लांबी कमी करणारं ऑपरेशन कशासाठी करायचं?

कृष्णाकाठ:
ते मीच लिहिलं होतं. कळ बहुतेकांची वर्षा-दीड वर्षात आपोआप जाते. तुमची सुईने गेली कशावरून? माझ्या भावाने आठ महिने करंट घेतला. कातडीवर पॅड लावून औषध आत ढकलतात म्हणे. बाक जिथल्या तिथे. २००७ साली अमेरिकेत ४२ पुरुषांवर तपासलं होतं: औषध घालून करंट दिला त्यांचा बाक सरासरी ९.१ अंश कमी झाला, नुसतं मिठाचं पाणी घातलं त्यांचा ७.६. यात औषधाने काय केलं?

मिरजकर:
करंटची बाजू मी घेतलीच नाही! अमेरिकन युरॉलॉजिस्टांच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेतही करंटने वेरापामिल देऊ नका असं आहे, पण गाठीत टोचायला मुभा आहे. भावाचा राग माझ्या सुईवर काढू नका.

निळावंती:
बायकोच्या बाजूने लिहिते. आम्हाला उशीर झाला तो काउंटरमुळे. भरलेल्या वेटिंगमध्ये तिथल्या मुलीने मोठ्याने विचारलं, "काका, काय त्रास होतोय?" यजमान "पोटात दुखतंय" म्हणाले आणि केसपेपर फाडून घरी आले. पुढचे सहा महिने घरात कोणी धड बोललं नाही. मला वाटत राहिलं, माझंच काही चुकलं.

सोलापुरी:
अगदी! मी त्या लाजेपायी भिंतीवर 'गुप्तरोग' रंगवलेल्या दवाखान्यात गेलो. तेल दिलं. वर्ष वाया.

वनौषधी:
तेलाला नावं ठेवायचं कारण नाही. तुमच्या ॲलोपॅथीवाल्यांनी व्हिटॅमिन ई किती वर्षं लिहून दिलं?

सोलापुरी:
माझं वर्ष गेलंय, तुमचं नाही. उगाच शिकवू नका.

निळावंती:
भांडा नंतर. त्या काउंटरचं काय करायचं ते सांगा. नुसता कागद पुढे केला तरी चालेल, त्रास लिहून देऊ.

रेसिडेंट:
व्हिटॅमिन ई त्याच मार्गदर्शिकेने बाद केलंय, तेव्हा वनौषधींचा तो मुद्दा बरोबर आहे. पण गाठ विरघळवायला तिच्यात टोचायचं कोलॅजिनेज हे औषध विसरू नका. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. दोन मोठ्या चाचण्यांत बाक सरासरी ३४ टक्के कमी झाला, खोट्या इंजेक्शनने १८ टक्के. फायदा खरा, पण मर्यादित. धोकाही आहे: इंजेक्शननंतर लिंगाचं आवरण फाटू शकतं, म्हणून चार आठवडे संबंध बंद. युरोपातून कंपनीने ते २०२० मध्ये काढून घेतलं, कारण व्यापारी होतं.

कृष्णाकाठ:
१८ टक्के तर नुसत्या सुईने! बरं, बाक वाढत असताना ऑपरेशनची घाई नको, एवढं मान्य. 'सगळे धंदे' हेही मागे घेतो. करंटबद्दलचा शब्द मात्र मागे घेणार नाही.

मिरजकर:
तो घेऊच नका.

निळावंती:
आणि भावाला विचारा, काउंटरवर त्यांना काय विचारलं होतं.

कृष्णाकाठ:
विचारलं. तो म्हणाला, म्हणूनच करंटवाल्याकडे गेलो. तिथे कोणी काही विचारलं नाही.