कासारी नदीवर पाणीपातळीची पट्टी बसवायची आहे: जागा, शून्य आणि विसर्गाचा तक्ता

कासारीकाठ
नमस्कार. आमच्या गावाच्या पुलाजवळ पाणीपातळीची पट्टी बसवायचं ठरलं आहे. वर गेळवड्याचं धरण, खाली प्रयाग चिखलीचा संगम, मध्ये कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. खाली पंचगंगेवरच्या, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज कळते. ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे इथे सगळ्यांना पाठ आहे. पण त्यावरून आमच्या शिवारात पाणी कधी शिरणार, याचा अंदाज येत नाही. पट्टी पुलाच्या खांबावर रंगवली तर चालेल का? पातळीवरून विसर्ग, म्हणजे सेकंदाला किती घनफूट (क्युसेक) पाणी वाहतंय, ते काढायचा तक्ता कसा करतात? आणि रात्री वाचायला माणूस नसतो, त्यासाठी सेन्सर कोणता बरा?

पाणमोज
खांबावर नको. खांबाच्या वरच्या तोंडाला पाणी आदळून चढतं. वेग सेकंदाला २ मीटर असेल तर हा चढ सुमारे २० सेंटीमीटर, म्हणजे आठ इंच होतो. खालच्या तोंडाला उलट खळगा पडतो. शिवाय वाहून आलेली झाडं पहिल्यांदा खांबालाच अडकतात आणि रंगही एखाद्या पावसाळ्यात घासून जातो.

पुलाची काठाकडची भिंत किंवा घाटाची भिंत बघा, जिथे पाणी संथ असतं पण मुख्य प्रवाहापासून तुटलेलं नसतं. इनॅमलच्या १ मीटर लांबीच्या, सेंटीमीटरच्या खुणा असलेल्या पट्ट्या मिळतात, त्या अँकर बोल्टने ओळंब्यात बसवा. भिंत नसेल तर काठाच्या उतारावर लोखंडी चॅनेल काँक्रीटमध्ये उभे करा आणि पट्ट्या टप्प्याटप्प्याने लावा. खालच्या पट्टीचं वरचं टोक आणि पुढच्या पट्टीचं खालचं टोक २०-३० सेंटीमीटर एकाच उंचीत आलं पाहिजे, नाहीतर नेमकं सांध्यावर पाणी असताना वाचन अडतं.

पट्टीचं शून्य तळाच्या सर्वात खोल जागेपेक्षा अर्धा-एक मीटर खाली धरा. उद्या तळ खरवडला गेला तरी उणे वाचन येणार नाही. मग जवळच्या बेंचमार्कवरून (उंची आधीच ठरलेली पक्की खूण) ऑटो लेव्हलने (उंचीतला फरक मोजायची दुर्बीण) शून्याची समुद्रसपाटीपासूनची उंची काढा. जाताना आणि परत येताना असं दोन्ही बाजूंनी लेव्हलिंग करा, फरक काही मिलिमीटरच्या वर गेला तर काम पुन्हा करा. पट्टीशी संबंध नसलेल्या दोन पक्क्या जागांवर, म्हणजे पुलाचा कठडा, देवळाचं जोतं अशा ठिकाणी, खुणा कोरून त्यांचीही उंची लिहून ठेवा. पुरात पट्टी वाकली किंवा सरकली तर जुन्या नोंदी या खुणांमुळेच वाचतात. दर पावसाळ्यानंतर शून्य तपासा.

नोंद मीटरमध्येच ठेवा. फूट-इंचात ३९ फूट १० इंच कोणी "३९.१०" लिहितो, पुढचा त्याला दशांश समजतो आणि नऊ इंचांची चूक होते. गावच्या फळ्यावर हवं तर फूट-इंच लिहा, पण "फूट" आणि "इंच" हे शब्द लिहूनच. लाटा असतील तर अर्धा मिनिट बघून सर्वात वरचं आणि सर्वात खालचं वाचन यांचा मध्य घ्या. एरवी सकाळी ८ चं वाचन पुरतं, पुरात मात्र दर तासाला.

पूल सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर भोक पाडण्याआधी त्यांची लेखी परवानगी घ्या.

काटछेद
तक्त्याबद्दल. आधी वेगवेगळ्या पातळ्यांना प्रत्यक्ष विसर्ग मोजावा लागतो, त्याला पर्याय नाही. मोजणीची जागा सरळ पात्रातली हवी, वळणावर किंवा बंधाऱ्याच्या फुगवट्यात (अडून तुंबलेल्या पाण्यात) नको.

करंट मीटर (पाण्याने फिरणाऱ्या चक्राच्या फेऱ्यांवरून वेग मोजणारं यंत्र) मिळाला तर पात्राचे २०-२५ उभे पट्टे करा. एका पट्ट्यातून एकूण विसर्गाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी जाता कामा नये, म्हणून मधले पट्टे अरुंद आणि काठाचे रुंद. उथळ पाण्यात वरून खोलीच्या ०.६ वर एक वाचन. खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ वर दोन वाचनं आणि त्यांची सरासरी. प्रत्येक ठिकाणी निदान ४० ते ६० सेकंद फेरे मोजा. पुलावरून मोजताना वजन हलकं पडलं तर दोर तिरका होतो आणि खोली खरीपेक्षा जास्त भरते, तिथेच बहुतेक आकडे फुगतात.

मीटर नसेल तर तरंगा. नारळ उत्तम, अर्धा बुडून राहतो त्यामुळे वारा फारसा लागत नाही. ३० मीटर अंतर आखा, काठाजवळ, मध्ये आणि पलीकडे असे निदान तीन मार्ग घ्या. समजा सरासरी २४ सेकंद लागले: पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १.२५ मीटर. पाणी खाली हळू चालतं, म्हणून ०.८५ ने गुणा, १.०६ आले. काटछेद (पात्र आडवं कापलं तर दिसणारं पाण्याचं क्षेत्रफळ) ६० चौरस मीटर असेल तर विसर्ग सुमारे ६४ घनमीटर प्रति सेकंद, आणि ३५.३१ ने गुणल्यावर साधारण २,२५० क्युसेक. ही पद्धत ढोबळ आहे, पण पुरात जीव धोक्यात न घालता करता येते. उन्हाळ्यात पाण्यात उतरून मोजतानाही खोली (मीटर) गुणिले वेग (मीटर प्रति सेकंद) ०.९ च्या वर जात असेल तर उतरू नका.

असे निदान दहा-बारा विसर्ग, कमी पाण्यापासून काठोकाठपर्यंत पसरलेले, जमले की लॉग-लॉग कागदावर (दोन्ही बाजूंना १, १०, १०० अशा पटीत खुणा असलेला आलेख कागद) मांडा. पातळीतून "ज्या पातळीला प्रवाह थांबतो" ती वजा करून मांडायची, तरच बिंदू सरळ रेषेत येतात. काठ ओलांडून पाणी उसात शिरलं की रेषेचा उतार बदलतो, तिथून पुढे दुसरी रेषा लागते. जिथपर्यंत मोजलं त्याच्या बरंच वर रेषा लांबवून क्युसेक जाहीर करू नका.

हरिपूरघाट
वरच्या माहितीत एक मोठी अट जोडतो: एका पातळीला एकच विसर्ग, हे दरवेळी खरं नसतं.

सांगलीच्या आयर्विन पुलाचं बघा. इशारा ४० फूट, धोका ४५ फूट. पण पुलाच्या खाली हरिपूरला वारणा मिळते, त्याच्याही खाली नृसिंहवाडीला पंचगंगा, आणि इथे कृष्णेचा उतार फार कमी. वारणा-पंचगंगेला पूर असला की कृष्णेचं पाणी तुंबतं. म्हणून पुलाजवळ तीच पातळी असताना एका दिवशी विसर्ग बराच जास्त असू शकतो आणि दुसऱ्या दिवशी बराच कमी.

तुमच्याकडे तेच प्रयाग चिखलीच्या संगमामुळे होणार. संगमाला येणाऱ्या भोगावतीला पाणी आलं, तिच्यावरच्या राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले (एका दरवाजातून १,४२८ क्युसेक) की कासारीचं पाणी पुढे सरकत नाही. गेळवड्यातून विसर्ग वाढलेला नसतानाही तुमची पट्टी चढताना दिसेल. उपाय एकच: संगमाच्या बाजूला खाली दुसरी पट्टी लावा, दोन्हींचे शून्य एकाच बेंचमार्कला जोडा आणि दोन्ही एकाच वेळी वाचा. दोन पातळ्यांमधला फरक नेहमीपेक्षा कमी झाला की फुगवटा आलाय, त्या वेळी तक्ता वापरायचा नाही.

फुगवटा नसतानाही पूर चढताना पाण्याचा उतार तीव्र असतो, म्हणून त्याच पातळीला ओसरतानापेक्षा विसर्ग जास्त भरतो. मोजलेल्या प्रत्येक बिंदूपुढे "चढता" की "उतरता" हे लिहाच.

शिवारात पाणी कधी येणार यासाठी तर क्युसेकपेक्षा पातळीला पातळी जोडणं जास्त उपयोगी. वरच्या गावातल्या पट्टीचं शिखर (पुरातली सर्वात वरची पातळी) किती वाजता आणि तुमचं किती वाजता, हे तीन-चार पुरांत नोंदवा. पाणी पात्रात असताना आणि शेतात पसरल्यावर हे अंतर वेगळं येतं, पसरलं की शिखर उशिरा पोचतं.

कासारीकाठ
दोन पट्ट्यांचं पटलं. बंधाऱ्यात बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातलेले असताना काय करायचं? आणि सेन्सरचं राहिलंच.

पाणमोज
बर्गे घातले की पातळी नदी ठरवत नाही, बंधारा ठरवतो. त्यामुळे बर्गे असतानाचा काळ तक्त्यातून पूर्ण वगळा आणि घातल्या-काढल्याची तारीख वहीत लिहा. अर्धेच काढलेले दिवस सर्वात फसवे.

सेन्सरमध्ये पुलाखाली बसून वरून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा रडार घ्या. ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक स्वस्त असतो, पण ध्वनीचा वेग तापमानाने बदलतो: १० मीटर अंतराला १० अंशांच्या फरकाने सुमारे १७ सेंटीमीटरची चूक, आतली तापमान-दुरुस्ती नीट नसेल तर. पाण्यात ठेवायचा प्रेशर सेन्सर गाळात गाडला जातो, आणि हवेचा दाब वजा न करणारा असेल तर १ मिलिबारला जवळपास १ सेंटीमीटर चुकतो. रडारही खांबाच्या भोवऱ्यावर नको, दोन खांबांच्या मधोमध लावा. सोलर पॅनेलवर भरवसा ठेवताना जुलैचं आभाळ धरा, बॅटरी आठवडाभर चार्ज न होता चालली पाहिजे.

पैसे नसतील तर शिखर-पट्टी करा. दोन इंची जीआय पाइप, खालच्या टोपणाला भोकं, वर हवा जायला एक बारीक भोक, आत लाकडी पट्टी आणि तळाशी बुचाचा भुगा. पाणी चढताना भुगा तरंगत वर जातो आणि शिखराच्या उंचीला लाकडाला चिकटून राहतो. सकाळी काठी बाहेर काढून रेघ मोजा, पुसून नवा भुगा टाका. वेळ कळत नाही, पण रात्री पाणी कुठवर आलं होतं ते सेंटीमीटरच्या आसपास कळतं. सेन्सर लावलात तरी ही पाइप ठेवा, सेन्सरचं वाचन सरकलंय का ते हिच्याशी पडताळता येतं.