कॅमेरा दिसला की आबा भाषण करतात. त्यांची फिल्म कशी करू?

चिखलीची नात

नमस्कार. माझे आबा ८४ वर्षांचे आहेत, गाव कोल्हापूरजवळचं प्रयाग चिखली. पन्नासएक वर्षं त्यांनी गुळव्याचं, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ शिजवायचं काम केलं. दिवाळी झाली, उसाचा घाणा सुरू झाला की आबा फक्त अंघोळीला घरी यायचे, असं वडील सांगतात. आता गुडघे गेलेत, डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण आठवण लख्ख आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. आजीची ट्रंक भिजली आणि सगळे फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली. लग्नाचा एकुलता एक फोटोही त्यातच आहे. आजी त्याच्या आधीच गेली होती. तिचा आवाज आमच्या कुणाच्याच फोनमध्ये नाही. रात्री हे आठवलं की झोप लागत नाही. म्हणून आबांची तरी नीट फिल्म करायची आहे.

गेल्या रविवारी फोन स्टँडला लावला. आबांनी फेटा बांधला, खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. अत्यंत हालअपेष्टा सोसून..." अशी दहा मिनिटं गेली. आबा असं कधीच बोलत नाहीत. मी फोन बंद केला, चहा आला, तर म्हणाले, "तुझ्या आजीनं पयल्या वर्षी गरम काकवी चाखली आन् जीभ भाजून घेतली. दोन दिस बोललीच न्हाई माझ्यासंगं." हे मात्र राहूनच गेलं.

एका शूटिंगवाल्यांनी चाळीस हजार सांगितलेत. जमवीन, पण परक्या माणसासमोर आबा खुलतील का? आणि आणखी एक. माझे एक काका लहानपणीच वारले. घरात त्यांचं नावही कुणी काढत नाही. त्यांच्याबद्दल विचारावं का?

शाहूपुरीचा शूटिंगवाला

ताई, बावीस वर्षं लग्नाची शूटिंगं करतोय, म्हणून सांगतो. पैसे राहू देत. फक्त कॉलरला लावायचा एक माइक घ्या. चित्र थोडं हललं तर चालतं, पण आवाज फुटला तर माणूस गेला समजा. घरात बोलणार असाल तर पंखा आणि फ्रिज बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका. माइकवर उपरणं घासू देऊ नका. तुम्ही त्यांच्या उजव्या बाजूला, लेन्सच्या अगदी जवळ बसा. म्हणजे त्यांना ऐकूही येईल आणि नजरही बरोबर लागेल.

पण मुख्य सांगायचं ते असं की खुर्ची काढा. आत्ता घाणे चालू आहेत, आबांना गुऱ्हाळावर न्या. गुळव्याचं सगळं ज्ञान हातात असतं. उकळता पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळते का ते बघतात, तेव्हा आबांचा हात जवळून घ्या. रसातली मळी काढायला भेंडीचा चिकट रस कधी घालायचा, चुलवाणात म्हणजे मोठ्या चुलीत उसाची चिपाडं किती सारायची, रसाची मोठी कढई, ती काहील कधी उतरवायची, हे त्यांना विचारावं लागणारच नाही. समोर कुणी चुकीचं करत असेल तर आबा आपणच बोलतील. घाण्याच्या इंजिनापासून मात्र लांब उभे राहा.

आणि रेकॉर्डिंग चहाच्या आधी सुरू करायचं ते आबा उठून गेल्यावरच बंद करायचं. व्हिडिओची क्वालिटी १०८० वर ठेवा. फोरकेला तासाला दहा-वीस जीबी सहज जातात.

याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२५ साली सावकारानं नाडलेल्या शेतकऱ्याची गोष्ट पडद्यावर आणली. ती पडद्यावरची गोष्ट होती. तुमच्या घरात तर खरा शेतकरी बसलाय.

मंगळवार पेठेतली लेक

मी आईचं असंच केलं होतं. ती जाऊन तीन वर्षं झाली.

आधी मी सालं विचारत बसले. लग्न कधी, शाळा कितवीपर्यंत. सगळी उत्तरं एका शब्दात. मग तिचा पितळी डबा पुढ्यात ठेवला, तर दीड तास बोलली. तरी आज मी सारखी बघते ते वेगळंच. ती लसूण सोलतेय, मध्येच थांबून खिडकीबाहेर बघते, परत सोलायला लागते. एवढंच. तेव्हा मी ते कापून टाकणार होते. तुम्ही काही कापू नका. मूळ फाइली जशाच्या तशा जपा.

परक्या माणसाचं म्हणाल तर अमेरिकेत स्टोरीकॉर्प्स नावाचं काम २००३ पासून चालू आहे. तिथे एकमेकांच्या ओळखीची दोन माणसं समोरासमोर बसून साधारण चाळीस मिनिटं बोलतात आणि तिसरा माणूस रेकॉर्डिंग सांभाळतो. तुमच्या आबांचा एखादा जुना सोबती आहे का? त्याला बसवा.

काकांबद्दल सरळ विचारू नका. "तेव्हा घरात लहान कोण कोण होतं?" इतकंच म्हणा आणि गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. मी तिसऱ्या आकड्यालाच पुढचा प्रश्न टाकायची आणि आईचं येऊ घातलेलं वाक्य तिथेच थांबायचं. बंद कर म्हणाले तर लगेच बंद करा. जे रेकॉर्ड होईल ते आधी एकट्या आबांना दाखवा, बाकीच्यांना नंतर.

जुना फोटोवाला

फोटोंची वीट ओढून सोडवू नका. आहे तशी सगळ्या बाजूंनी टिपून ठेवा. मग कडेचा, कमी महत्त्वाचा एक फोटो स्वच्छ गार पाण्यात ठेवून आपोआप सुटतो का बघा. लग्नाचा फोटो सगळ्यात शेवटी.

चिखलीची नात

गुरुवारी गेलो होतो. आबांबरोबर चुलवाणावर जाळ घालणारे त्यांचे जुने सोबतीही होते. दोघांनी मिळून तिथल्या पोराला दोन आदणं, म्हणजे दोन काहिली गूळ, होईपर्यंत शिकवलं. आबांनी पाण्यात गोळी वळली, पोराच्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "डोळ्यानं नको, बोटानं बघ."

परतताना गाडीत मी तो लहान कोण होतं वाला प्रश्न विचारला आणि गप्प बसले. दहाच्या पुढे किती मोजले ते आठवत नाही. आबांनी काकांचं नाव घेतलं. मी ते पहिल्यांदाच ऐकलं. नंतर म्हणाले, "त्या दिशी बी घाणा चालूच हुता. मी काहिलीवर हुतो." माइक कॉलरलाच होता. मी विचारलं, "आबा, हे ठेवू का?" ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तुझ्या बापाला ऐकव."

फाइलच्या दोन कॉपी केल्या आहेत. एक घरी आहे, दुसरी पन्हाळ्याला मावशीकडे. तिथं पाणी चढत नाही.